बायकोसाठी हरणाच्या शिकारीची बंदूक घेताना: आधी जाकीट घाला

गेल्या नोव्हेंबरात इलिनॉयमध्ये, कापणी झालेल्या मक्याच्या शेताच्या कडेला, चाळीस पावलांवर हरिणी उभी होती. बायकोने बंदूक उचलली आणि दस्त्याची टाच जाकिटाच्या काखेतल्या चुणीत अडकली. ती सोडवून बंदूक वर येईपर्यंत हरिणी झाडीत गेली. दुसऱ्या दिवशी तिने घाईत बार काढला, पण दस्ता खांद्याच्या खळग्यात नव्हता, दंडावर होता. संध्याकाळी जाकीट काढलं तर दंडावर पुरीएवढा काळानिळा डाग. चूक तिची नव्हती. बंदूक मी निवडली होती, जून महिन्यात, दोघंही टी-शर्टवर असताना.

म्हणून यादीत सगळ्यात वर हेच: दुकानात जाताना शिकारीचं जाकीट बरोबर न्या. उन्हाळा असो, दुकानदार बघत राहो, तिला ते घालायला लावा. आतला स्वेटरसुद्धा.

परवाने वगैरे: फॉईड कार्ड (बंदूक बाळगण्याचं इलिनॉयचं ओळखपत्र) दोघांचं वेगवेगळं, जन्म 1 जानेवारी 1980 किंवा त्यानंतरचा असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स, परमिट वेळेवर. झालं.

आता दस्त्याची लांबी, म्हणजे चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर. नेहमीच्या बंदुकीत हे 14 ते साडेचौदा इंच असतं. माझी बायको पाच फूट एक इंच. तिला 13 इंचही पुष्कळ झाले. दस्ता कोपराच्या आतल्या घडीत धरून मोजायची पद्धत दुकानात हमखास दाखवतात. त्या पद्धतीवर विसंबू नका. बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करा, सुरक्षित दिशेला धरून खांद्याला लावायला सांगा, गाल दस्त्यावर टेकू दे, आणि मग नाक आणि मुठीचा अंगठा यांच्यात दोन-तीन बोटं जागा राहते का ते पाहा. हे जाकीट घालून. जाड जाकीट दस्त्याची लांबी अर्धा-पाऊण इंच सहज वाढवतं, आणि लहान चणीच्या माणसाला तेवढंच नडतं. दहा वेळा खाली-वर करायला लावा. एकदाही काखेत अडकली तर ती बंदूक नको.

युथ किंवा कॉम्पॅक्ट मॉडेल बघताना 'लहान मुलांची' म्हणून नाक मुरडू नका. मॉसबर्ग 500 बँटमसारख्या बंदुकीत दस्ता आखूड असतो, शिवाय पुढची मूठही जवळ असते, त्यामुळे ती पुढे-मागे ओढून पुढचं काडतूस भरायला (यालाच पंप म्हणतात) हात ताणावा लागत नाही. काही दस्त्यांना मागे चकत्या घालून लांबी कमी-जास्त करता येते. तसा मिळाला तर उत्तमच. चकती काढून जाकिटावर, चकती घालून टी-शर्टवर.

गेज, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, 20 घ्या; आकडा लहान तेवढं भोक मोठं. इलिनॉयमध्ये हरणासाठी शॉटगन 20 ते 10 गेजची चालते, आणि तीही स्लगसह, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेल्या काडतुसासह. 12 गेजचा हट्ट धरू नका. पण 20 गेज म्हणजे धक्का नाही, असं नाही. हलकी बंदूक जास्त लाथ मारते, हे मला कोणी सांगितलंच नाही. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, आपल्या घरात हे शिकवणार कोण? म्हणून फार हलकी घेऊ नका, मागे जाड रबरी पॅड हवाच. काडतुसाच्या गॅसवर आपोआप पुढचं काडतूस भरणाऱ्या सेमी-ऑटोचा धक्का पंपापेक्षा मऊ लागतो, मात्र ती महाग आणि जड असते. ती तासभर हातात पेलेल का, हे तिलाच विचारा. बाईच्या छातीला दस्त्याचं खालचं टोक रुततं का, हेही विचारा. रुतत असेल तर गनस्मिथ पॅडचा कोन बदलून देतो. ती 'ठीक आहे' म्हणाली म्हणून पुढे जाऊ नका, पुन्हा विचारा.

तिचा प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना पुढाकार घेणारा, कुठला ते तपासा. उजव्या हाताच्या पुष्कळ बायकांचा डावा डोळा प्रबळ असतो. तसं असेल तर डाव्या खांद्यावरून शिकवा.

घरात 12 ची बंदूकही असेल तर काडतुसं एका खिशात कधीही नकोत. 20 चं काडतूस पिवळं असतं ते याच कारणाने: ते 12 च्या नळीत पुढे सरकून अडकतं आणि मागून 12 चं उडवलं तर नळी फुटते.

नळी आतून गुळगुळीत असेल तर रायफल्ड स्लग (ज्याच्या अंगावरच आटे असतात), नळीत आटे असतील तर सॅबो (प्लास्टिकच्या खोळीतला स्लग). स्कोप लावणार असाल तर डोळ्यापासूनचं अंतर बघा, आखूड दस्त्यावर धक्क्याने स्कोप मागे येऊन भुवई फुटते. हे अंतरही जाकीट घालूनच बघा.

सराव आधी हलक्या काडतुसांवर, उभं राहून. स्लग एका दिवशी चार-पाच, बास. टेबलावर बसून धक्का जास्त लागतो. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. निम्मी दचक आवाजाची असते.

नारिंगी कपडे, गाडीत बंदूक रिकामी आणि केसमध्ये, मचाणावर हार्नेस, बंदूक रिकामी करून दोरीने वर. बंदुकीच्या शिकारीचा पहिला हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शुक्रवारी सुरू होतो. त्याआधी दोन आठवडे रेंजवर एक फेरी, जाकीट घालून.