पित्ताशयात खडे निघाले: रिपोर्ट कसा वाचायचा, ऑपरेशन कधी करायचं

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले की घरातला पहिला प्रश्न असतो, 'केवढा आहे?' निर्णय मात्र सहसा आकारावर ठरत नाही. खड्यामुळे दुखलंय का आणि तो पित्ताशयातच आहे की नळीत उतरलाय, हे आधी बघायचं. तीन-चार मिलिमीटरचे बारीक खडे उलट जास्त त्रासदायक ठरू शकतात. ते सटकून मुख्य पित्तनलिकेत जातात आणि तिथे अडकले की कावीळ होते किंवा स्वादुपिंडाला सूज येते. दोन सेंटिमीटरचा खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकून दुखेल, पण सहसा नळीत शिरणार नाही.

बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे असतात. पित्तात कोलेस्टेरॉल जास्त झालं आणि पित्ताशय नीट रिकामं होईना, की स्फटिक धरायला लागतात. म्हणून गरोदरपणात, लठ्ठपणात आणि मधुमेहात हे जास्त दिसतं. झटपट वजन उतरवणाऱ्यांनाही होतं: आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन घटत असेल, तर जरा सबुरीने घ्या. काळे खडे वेगळे, ते रक्तपेशी लवकर फुटण्याच्या आजारांत होतात. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकल सेल या अशाच आजाराचे रुग्ण बरेच आहेत. तिथल्या शाळकरी मुलाच्या पित्ताशयात खडे निघाले, तर सिकल सेलची तपासणी झालीय का, हे आधी विचारा.

दुखणं कसं ओळखायचं

दुखणं छातीच्या खाली मध्यभागी किंवा उजव्या बरगडीखाली सुरू होतं आणि उजव्या खवाट्यापर्यंत जातं. तेलकट जेवणानंतर तासा-दोन तासांनी किंवा रात्री झोपेतून उठवून येतं. अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांपर्यंत सलग राहतं, मग ओसरतं. कूस बदलून, ढेकर देऊन किंवा सोडा पिऊन थांबत नाही. ॲसिडिटी समजून वर्षानुवर्षं गोळ्या घेणारे इथेच फसतात. नुसतं पोट फुगणं, करपट ढेकर आणि गॅस ही मात्र खड्याची खात्रीची लक्षणं नाहीत. तेवढ्यासाठी पित्ताशय काढलं, तर तक्रारी तशाच राहण्याची शक्यता मोठी.

चाळिशीनंतर पोटाच्या वरच्या भागात दुखून घाम फुटला, तर आधी ईसीजी काढा, तो हृदयविकाराचा झटकाही असू शकतो. दुखणं सहा तासांवर गेलं, ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा कळ पाठीत आरपार जाऊन उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. ताप, हुडहुडी आणि कावीळ एकत्र आली, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्यात जीव जाऊ शकतो.

रिपोर्टमधल्या कामाच्या ओळी

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशीपोटी जा. जेवून गेलात तर पित्ताशय आकसलेलं असतं आणि खडे नजरेतून सुटू शकतात. रिपोर्टमध्ये 'पोस्टिरिअर अकूस्टिक शॅडो' लिहिलं असेल, तर खड्यामागे सावली पडलीय. सावली नाही आणि कूस बदलल्यावर हलतही नाही, तर तो खडा नसून पॉलिप, म्हणजे भिंतीवर वाढलेला मांसल कोंब, असू शकतो. भिंतीची जाडी तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जाड आणि भोवती पाणी, म्हणजे सूज असण्याची शक्यता. शेवटी 'सीबीडी', म्हणजे मुख्य पित्तनलिका, बघा. ती साधारण सहा मिलिमीटरपर्यंत ठीक, वयानुसार थोडी वाढते. ती फुगलेली असेल किंवा रक्तात बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं असेल, तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, लागू शकते, कारण नळीतले खडे सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाहीत. नळीत खडा सापडलाच, तर तो सहसा तोंडावाटे दुर्बीण घालून, ईआरसीपी करून काढतात. पित्ताशय त्यानंतर.

उपाय

कधीच दुखलं नसेल, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. अपवाद आहेत: तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप, चुना धरलेली भिंत, सिकल सेल. एकदा खरी कळ येऊन गेली की मात्र ती पुन्हा यायची शक्यता जास्त. तेव्हा ऑपरेशन ठरवून घ्यावं.

कुळथाचं कढण, पानफुटी, भरपूर पाणी हे सगळं मुतखड्यासाठी सांगितलं जातं. पित्ताशयाचा लघवीच्या मार्गाशी संबंधच नाही, त्यामुळे खडा तिथून पडणार कसा? ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाने 'पडलेले' हिरवे गोळे त्याच तेलाचा पोटात झालेला साबण असतो. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या फक्त लहान, चुना नसलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात. त्या सहा महिने ते दोन वर्षं घ्याव्या लागतात, आणि थांबवल्यावर पाच वर्षांत निम्म्या जणांना खडे परत होतात.

नुसते खडे काढून पित्ताशय का ठेवत नाहीत? कारण खडे तिथेच तयार होतात. भारतात दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी काढलं. आज सहसा चार छिद्रं पाडतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, पित्ताशयाची नळी आणि धमनी क्लिप लावून कापतात. चिकटलेलं असेल तर पोट उघडावं लागतं, ते अपयश नव्हे. तीव्र सूज असेल, तर सहा आठवडे थांबण्यापेक्षा त्याच भरतीत, शक्यतो पहिल्या काही दिवसांत केलेलं बरं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सर्जनला आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

घरी एक-दोन दिवसांत सोडतात. खांदा दोन-तीन दिवस दुखतो, तो गॅसमुळे. जेवण सुरुवातीला कमी तेलाचं आणि थोडं थोडं घ्या. काहींना जुलाब होतात, बहुतेकांचे काही आठवड्यांत थांबतात. पोटदुखी वाढत गेली, ताप आला किंवा कावीळ दिसली, तर लगेच परत जा, कारण क्वचित नळीला इजा होऊन पित्त पोटात गळतं. काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजीला पाठवलंय का, हे विचारून तो रिपोर्ट स्वतः आणा. सोनोग्राफीत न दिसलेला कॅन्सर कधीकधी त्यातच सापडतो.