ट्रायकस्पिड झडपेची गळती : शस्त्रक्रियेचे पर्याय कसे समजून घ्यावेत

हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील तीन पडद्यांची ट्रायकस्पिड झडप नीट मिटेनाशी झाली, की रक्त उलटे वरच्या कप्प्यात शिरते, आणि त्याचा ताण शिरांवाटे यकृतापर्यंत पोहोचून पाय सुजतात, पोटात पाणी साठते. नडगीवर बोट दाबले असता पडलेला खड्डा बराच वेळ भरून येत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी सूज उतरते, झडप मात्र दुरुस्त होत नाही. त्यामुळे सूज आटोक्यात आहे म्हणून वर्षानुवर्षे थांबणे हीच माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. यकृत आणि हृदयाचा उजवा खालचा कप्पा थकल्यावर शस्त्रक्रियेचा धोका फार वाढतो.

प्रथम टू-डी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) अहवालावरून गळतीचे कारण विचारून घ्यावे. बहुतेकांचे पडदे शाबूत असतात. ते ज्या कड्याला जोडलेले असतात, ते कडे ताणले गेलेले असते. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप खराब झालेल्या रुग्णांत हे हमखास दिसते. अशा रुग्णाची मायट्रल शस्त्रक्रिया ठरली असेल, तर ट्रायकस्पिडच्या कड्याचा व्यास 40 मिलिमीटर वा अधिक आहे का, हे विचारावे. तसे असल्यास गळती सौम्य असली तरी त्याच वेळी दुरुस्तीचा विचार होतो, कारण डावी झडप बदलली की उजवी आपोआप सुधारेल हा भरवसा अनेकदा फोल ठरतो आणि दुसऱ्यांदा छाती उघडणे अधिक जोखमीचे असते.

शक्य तेथे दुरुस्तीलाच पसंती असते. शल्यविशारद कड्यावर रिंग शिवून ते आवळतात. हृदयाच्या विद्युतमार्गाला टाका लागू नये म्हणून ही रिंग बहुधा एका बाजूने उघडी ठेवलेली असते. मग सिरिंजने खालच्या कप्प्यात सलाइन भरून तिन्ही पडदे एकमेकांना टेकतात का, हे डोळ्यांनी पाहिले जाते. नुसत्या टाक्यांनी कडे आवळण्याची डी व्हेगा पद्धत स्वस्त आहे, पण रिंग सहसा अधिक टिकते.

जंतुसंसर्गाने वा अन्य कारणाने पडदेच नष्ट झाले असतील, तर झडप बदलावी लागते. उजवीकडे दाब कमी असल्याने धातूच्या झडपेवर गुठळी होण्याची भीती जास्त, म्हणून बहुधा जैविक (प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेली) झडप निवडतात. ती कालांतराने झिजते, हे आधीच समजून घ्यावे. झडप दुरुस्त करा वा बदला, दोन्ही प्रकारांत नंतर कायमचा पेसमेकर लागण्याची शक्यता असते, आणि आधीच पेसमेकर असल्यास त्याची तार झडपेतून जाते, तिचे काय करणार हेही विचारावे.

छाती उघडणे झेपणार नसेल, तर मांडीच्या शिरेतून पडदे एकमेकांना जोडणारी क्लिप किंवा नवी झडप बसवता येते. अमेरिकेत या दोन्ही प्रकारच्या उपकरणांना 2024 मध्ये मान्यता मिळाली. खर्च मोठा आहे आणि प्रत्येक रुग्णाच्या झडपेची रचना या उपकरणांना जुळत नाही.

तारीख ठरली, की आधी दंतवैद्याकडे जाऊन किडलेल्या दातांवर उपचार करून घ्यावेत. तोंडातील जंतू रक्तावाटे नव्या झडपेवर बसू शकतात.