पणज्याच्या वर कोण? सीमाभागात वंशावळ लावताना

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात कुणालाही विचारा, आज्ज्याचं नाव पटकन सांगतील, पणज्याचं जरा आठवून, आणि त्याच्या वर गेलं की "ते भावकीतल्या थोरल्यांना ठाऊक". थोरले गेले की ते ठाऊकही गेलं. मी मराठी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्यावर जुन्या कागदांची मोडी लिपी शिकले, आणि आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही दहा-बारा जण देवळाच्या ओवरीत आपापले कागद घेऊन बसतो. नवीन माणूस आला की त्याला जे सांगते तेच इथं लिहिते.

पहिली गोष्ट, हे काम आपल्या भागात एकट्याच्यानं होत नाही. पणज्याचा कागद मोडीत, आजोबांचा बाळबोध मराठीत, वडिलांच्या उतारवयातला कानडीत. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला, चंदगड तालुका मात्र कोल्हापूरला जोडला. एका घराण्यातले दोन भाऊ चार कोसांवर, आणि त्यांची दप्तरं दोन राज्यांत. म्हणून आमच्या बैठकीत मोडी वाचणारी मी, कानडी वाचणारी एक सूनबाई आणि कचेरीत आयुष्य काढलेले एक अण्णा, असे तिघं शेजारी बसतो. एकच कागद तिघांच्या हातून फिरतो.

सुरुवात कागदापासून करू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईपासून करा. पुरुषांना जमिनीचं ठाऊक असतं, माणसांचं बायकांना. दुपारी कामं आवरल्यावर तिच्याजवळ बसा आणि "आपले पूर्वज कोण?" असं विचारू नका. विचारा, "आज्जी, सुतक कुणाकुणाचं धरायचो आपण?" ज्या घरांची नावं ती सांगेल, ती तुमची भावकी. मग देवक विचारा, कुलदैवत विचारा, लग्नाची पहिली पत्रिका कुठं जायची ते विचारा. सालं तिला सांगता येणार नाहीत, पण "मानमोडीच्या साथीत थोरला गेला" म्हणाली की 1918 लिहा. "गांधीजी बेळगावला आले तेव्हा सासूच्या कडेवर पोर होतं" म्हणाली की ते बहुधा 1924 चं काँग्रेस अधिवेशन. तिचे शब्द जसेच्या तसे उतरवा, साल बाजूला पेन्सिलीनं.

मग जमिनीकडे वळा. जमिनीचा आजचा उतारा फक्त आजचे खातेदार दाखवतो. माणसं सापडतात ती फेरफारात, म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याच्या नोंदीत. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा, त्यामुळे बऱ्याच गावांत आज्ज्या-पणज्यांच्या वारशाच्या नोंदी मिळतात. उताऱ्यावरचा आर. एस. नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) आणि फेरफाराचा नंबर लिहून घ्या, तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज द्या, आणि एका नोंदीत मागच्या नोंदीचा नंबर दिसला की तो धरून मागं मागं जा. आमचे अण्णा नव्या माणसाला हे स्वतःच्याच उताऱ्यावर करून दाखवतात. दोन तासांत माणूस तयार होतो.

बायकांची नावं जुन्या वंशावळीत नसतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पण 1956 च्या वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुली दिसायला लागतात. माझ्या आजोबांच्या वारशाच्या फेरफारात तीन मुलगे होते आणि खाली दोन मुली. त्यातल्या एका आत्याचं नाव आमच्या घरात कधी कुणी काढलं नव्हतं. नावापुढं सासरचं आडनाव, चंदगडकडचं गाव, आणि हक्क सोडल्याबद्दल डाव्या अंगठ्याचा ठसा. शाई फिकी झाली होती, पण बोटाच्या रेषा मोजता येत होत्या. त्या गावी गेले. आत्या नव्हती, तिची सून होती. तिनं मला ओटीवर बसवलं आणि म्हणाली, "सासूबाई माहेरची वाट बघत गेल्या." तेव्हापासून आमच्या बैठकीत नियम आहे: तक्त्यात मुलगी, तिचं माहेरचं नाव आणि सासरचं गाव आल्याशिवाय ती पिढी पुरी धरायची नाही. हक्कसोड पत्रं म्हणूनच जपा.

नावांची एक चूक सगळे करतात, मीही केली. आपल्याकडे नातवाला आज्ज्याचं नाव ठेवतात. समजा यल्लाप्पाचा भरमा, आणि भरमाचा पुन्हा यल्लाप्पा. मी दोन यल्लाप्पा एकच धरले आणि मधली एक पिढी गाळली. नाव नेहमी बापाच्या नावासकट, साल आणि जमिनीच्या नंबरासकट लिहा. आडनाव कानडीत कसं लिहिलंय तेही टिपा. मराठीतले चौगुले कानडी कागदावर चौगला होतात, आणि शोधताना ते वेगळे लोक वाटतात.

शाळेच्या जनरल रजिस्टरात बापाचं नाव आणि गाव भरवशाचं, जन्मतारीख नाही. 1 जून दिसली की ती बहुधा मास्तरांनी घातलेली. गाव पूर्वी संस्थानात होतं का, तेही विचारून घ्या, कारण मग जुनी दप्तरं वेगळीकडे असतात. बेळगावला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानचं होतं. पाटीलकी-कुलकर्णीपणाचं वतन असेल तर इंग्रजांच्या काळात इनामं-वतनं तपासणाऱ्या इनाम कमिशनपुढं दिलेली वंशावळ निघू शकते. त्यासाठी पुण्याचं पुरालेखागार. नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुणी क्रियाकर्माला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांच्या नामावळीत सही असते.

आणि हेळवी. बैलावर बसून गावोगाव फिरायचं आणि घराण्याची वंशावळ म्हणून दाखवायची, हे त्यांचं पिढ्यान् पिढ्यांचं काम. सुगी झाली की येतात, पण वर्षानुवर्षं फिरकत नाहीत असंही होतं. आले तर पायली-दोन पायली धान्य देऊन वाटेला लावू नका. बसवा, जेवू घाला, परवानगी घेऊन त्यांचं म्हणणं फोनवर रेकॉर्ड करा. आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी सात पिढ्या एका दमात म्हटल्या. त्यातल्या चार कागदांशी जुळल्या, वरच्या तीन मी "हेळव्यांच्या तोंडून" असं लिहून वेगळ्या शाईत ठेवल्यात.

मोडी शिकायची भीती नको. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, म्हणून सुरुवातीला सगळी एकच साखळी वाटते. आधी ओळखीची नावं शोधा: गावाचं, देवाचं, आपलं आडनाव. तेवढीच अक्षरं पाटीवर पन्नास वेळा गिरवा. आम्ही बैठकीचा पहिला अर्धा तास एवढंच करतो. चार-सहा महिन्यांत वारसाची नोंद वाचता येते.

मूळ कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा, मूळ कागद सुती कापडात गुंडाळून ठेवा. पहिल्या दिवशी येताना आजचा उतारा, एक जुना दाखला आणि आज्जीनं सांगितलेल्या सुतकाच्या घरांची यादी एवढं पुरे. आज्जीला यायचं असेल तर तिलाही घेऊन या, ओवरीत सतरंजी अंथरलेली असते.