पहिला क्लच: स्वतः बदलावा की मिस्त्रींकडे द्यावा?

गॅरेजला नव्याने लागलेली मुलं आणि आपल्या गाडीचं काम शिकू पाहणारे गाडीमालक, दोघंही मला हाच प्रश्न विचारतात: क्लच आपला आपण बदलता येईल का? गिअरबॉक्स उतरवणं जमून जातं. तो परत चढवणं अवघड असतं. आणि क्लच खरंच गेलाय का, हे ओळखणं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं.

कळंब्याच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यावर मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये काम शिकलो. तिथले मिस्त्री क्लचची तक्रार आली की पान्ह्याला हात लावायच्या आधी गाडीची किल्ली मागायचे. स्वतः चालवून बघितल्याशिवाय गाडी खोलायची नाही, हा त्यांचा नियम. नव्या माणसाने पहिली हीच सवय लावून घ्यावी.

क्लचची प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, घसरते का हे बघायला आपल्याकडे कोल्हापुरात उत्तम रस्ता आहे. वाघबिळावरून पन्हाळ्याकडे वळलं की चढ लागतो. रस्ता मोकळा बघून तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज चढला, आरपीएम वाढले आणि गाडी मात्र तेवढी पळाली नाही, तर प्लेट घसरते आहे. सोबत जळका वास आला तर शंका उरत नाही. ऊसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे हाफ क्लचवर (पेडल अर्धवट दाबून) रखडत चालणाऱ्या गाड्यांना हा त्रास लवकर होतो. ही चाचणी एक-दोनदाच करा, घसरणारी प्लेट प्रत्येक वेळी आणखी तापते.

पण घसरणारा प्रत्येक क्लच झिजलेला नसतो. वायरने क्लच चालणाऱ्या गाडीत पेडलला मोकळा प्ले (सुरुवातीची सैल हालचाल) राहिला नसेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या झाकणावर) सतत टेकलेलं राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. अनेक लहान गाड्यांत हा प्ले साधारण १५ ते २५ मिलिमीटर असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. वायरचा नट फिरवून प्ले जुळवणं हे थोड्या वेळाचं काम आहे. आमचे मिस्त्री म्हणायचे, “आधी वायर बघ. वायर नीट असली तरच गिअरबॉक्सकडं बघ.”

बाकीच्या तक्रारीही अशाच वेगळ्या करून बघाव्या लागतात. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडकतात, तेव्हा क्लच पूर्ण सुटत नाही. हायड्रॉलिक गाडी (वायरऐवजी द्रवाच्या दाबाने क्लच चालणारी) असेल तर मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलकडचा आणि क्लचकडचा पंप, गळतात का, सिस्टिममध्ये हवा शिरली आहे का, हे आधी तपासा. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तेव्हा दोष बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगमध्ये असतो. अशा गाडीला नवा क्लच टाकून गिऱ्हाईकाचे पैसे गेले तरी आवाज तसाच राहतो. गाडी उचलताना थरथरली तर प्लेटवर तेल आलं असेल किंवा इंजिनचं माउंटिंग (इंजिन धरणारं रबर) खराब होऊन बसलं असेल. ही सगळी तपासणी नव्या माणसाने एकट्याने, बिनधास्त करावी. त्यात गाडीचं काही बिघडत नाही आणि शिकायला सगळ्यात जास्त इथेच मिळतं.

क्लच खरंच गेला असेल, तर मग गाडी कोणती ते बघा. वायरवाली, पुढच्या चाकांवर चालणारी छोटी पेट्रोल गाडी शिकायला चांगली. ड्युअल मास फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ते इंजिनमागचं जड चाक, दोन भागांचं) असलेली डिझेल गाडी, फोर बाय फोर किंवा एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप चालवणारी) पहिल्या कामाला घेऊ नका. एएमटीत क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून त्याचं लर्निंग करावं लागतं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला नवा क्लच ओळखायला लावावा लागतो, तो नसेल तर काम अर्धवट राहतं.

आता जागेचं. सपाट, पक्का कोबा हवा. उतरत्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणी शिरलेलं दिसलं की माझा जीव घाबरतो, आणि मी त्याला बाहेर यायला लावतो. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, मागच्या चाकांना ओट (अडकण) लावा, हलवून खात्री करा, मगच खाली जा. आडव्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्सचं माउंटिंग सोडलं की इंजिन लोंबकळतं, म्हणून त्याला वरून बारने किंवा खालून लाकूड ठेवून जॅकने आधार द्यावाच लागतो. लहान गाडीचा गिअरबॉक्ससुद्धा ३० किलोच्या आसपास भरतो. तो छातीवर घेऊन उतरवायची फुशारकी कुणी मारत असेल तर ऐकू नका. खाली दुसरा जॅक आणि शेजारी दुसरा माणूस हवाच.

गिअरबॉक्स उतरल्यावर आत साचलेली काळी धूळ हवेने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. मास्क घाला, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसून घ्या. मग फ्लायव्हील बघा. निळे डाग, बारीक तडे किंवा खोल चरे असतील तर तशीच नवी प्लेट बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. साधं फ्लायव्हील मर्यादेत असेल तर लेथवर फेसिंग मारून (तोंड सपाट करून) घेता येतं, आणि उद्यमनगरात असं काम जाणणारे कारागीर आहेत, हे कोल्हापूरकरांचं मोठं भाग्य. ड्युअल मासला मात्र लेथ लावायचा नाही. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल येत असेल तर सील याच वेळी बदला. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट घ्या. जुनी प्लेट दुकानात सोबत न्या आणि व्यास व आतल्या दात्यांची संख्या जुळवा.

पहिल्यांदा काम करणारा खरा अडकतो तो चढवताना. प्लेटवर ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेलं असतं, ती बाजू तपासा. डमी शाफ्टने (इनपुट शाफ्टसारख्या तात्पुरत्या दांड्याने) प्लेट मधोमध धरा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा आणि शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) लावा. इनपुट शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा पातळ हात पुरे, जास्त लावलं तर ते उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स सरळ रेषेत आला की हाताच्या जोराने बसतो. बसत नसेल तर बोल्ट आवळून ओढायचा मोह टाळा, हाउसिंगचा (गिअरबॉक्सच्या कवचाचा) कान तुटतो. अर्धवट घातलेल्या गिअरबॉक्सचा भार प्लेटवर लोंबकळत ठेवला तर नवी प्लेट वाकते आणि क्लच सुटत नाही. इथे शेजारी अनुभवी हात असेल तर फार फरक पडतो. म्हणून माझं मत ठाम आहे: पहिला गिअरबॉक्स जाणत्या मिस्त्रींसोबत चढवा, दुसरा स्वतः.

पैशाचा हिशेब थोडक्यात सांगतो. वाचते ती फक्त मजुरी. घोड्या, टॉर्क रेंच, डमी शाफ्ट विकत घेतलं तर एकाच गाडीसाठी ती बचत उरत नाही. हा धंदाच करायचा असेल तर हत्यारं पुढे कायम कामी येतात. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने कामावर जायचं असेल, तर ती सरळ गॅरेजला द्या.

काम झाल्यावर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल भरा, लेव्हल बघा, प्ले पुन्हा जुळवा. सुरुवातीचे ५०० किलोमीटर जड ओझं आणि गगनबावड्याचा घाट टाळा, हाफ क्लचवर गाडी धरू नका. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी एक्सलच्या सीलपाशी तेलाचा डाग पडलाय का बघा. चार-पाच दिवसांनी माउंटिंगचे बोल्ट आणि वायरचा प्ले पुन्हा एकदा तपासा.