ओपनसीव्ही सोर्सवरून बिल्ड करताय? या चुका टाळा

आधी एक विचारतो, ओपनसीव्ही ही फोटो-व्हिडिओवर काम करणारी लायब्ररी सोर्सवरून बिल्ड करायची, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः कंपाइल करायची, खरंच गरज आहे का? नुसतं पायथनमधून फोटो, कॅमेरा, चेहरे ओळखणं एवढंच करायचं असेल तर पिपने (पायथनची पॅकेजं टाकणारं साधन) दोन मिनिटांत काम होतं. ग्राफिक्स कार्डावर कुडा (एनव्हिडियाच्या कार्डाकडून गणितं करून घेणारी प्रणाली) चालवायचंय, व्हिडिओ हाताळणारं जीस्ट्रीमर हवंय किंवा सर्फसारखं (फोटोतले ठळक बिंदू शोधणारी पद्धत) ‘नॉनफ्री’, म्हणजे पेटंटमुळे वेगळ्या ठेवलेल्या गटातलं काही वापरायचंय, तरच पुढचं वाचा. ‘सिफ्टसाठी बिल्ड करावंच लागतं’ असं सांगणारे जुने लेख अजून फिरतात. पण सिफ्ट या सर्फसारख्याच पद्धतीचं पेटंट २०२० मध्ये संपलं आणि ४.४.० पासून सिफ्ट मुख्य लायब्ररीतच आहे.

मी पहिल्यांदा उबुंटूवर बिल्ड केलं तेव्हा सीमेक (बिल्डची तयारी करणारं साधन) चालवलं, शेवटी लाल अक्षरं नाहीत म्हणून खूश झालो आणि रात्री मेक (प्रत्यक्ष कंपाइल करणारी कमांड) लावून झोपलो. सकाळी बिल्ड शंभर टक्के. खिडकीत फोटो दाखवणारं इमशो लावलं, तर ‘फंक्शन इम्प्लिमेंट केलेलं नाही, जीटीके घेऊन लायब्ररी पुन्हा बिल्ड करा’ या अर्थाचा एरर. अख्खी रात्र वाया.

गंमत म्हणजे सीमेकने हे आदल्या रात्रीच सांगितलं होतं. ते संपताना लांबलचक यादी छापतं, ती बहुतेक जण वरवर चाळतात. निवांत चहा घ्या आणि ती यादी ओळ न् ओळ वाचा. खिडक्या दाखवणाऱ्या भागात जीटीके किंवा क्यूटी दिसलं पाहिजे. व्हिडिओच्या भागात एफएफएमपेगपुढे ‘येस’ हवं. ‘टू बी बिल्ट’ या ओळीत पायथन३ असायला हवं. ते ‘अनअव्हेलेबल’मध्ये जाऊन बसलं असेल तर बहुतेक वेळा नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) इन्स्टॉल केलेलं नसतं, किंवा सीमेकने भलताच पायथन पकडलेला असतो. कोंडाचं (वेगवेगळे पायथन सांभाळणारं साधन) एन्व्हायर्नमेंट चालू ठेवून बिल्ड केलं की हे हमखास होतं, म्हणून आधी ते डीॲक्टिव्हेट करा.

जीटीके मशीनवर आहे, तरी ‘नो’ का येतं? कारण बिल्डला नुसती लायब्ररी पुरत नाही, तिच्या हेडर फायली लागतात, आणि त्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. ते टाकल्यावर सीमेक पुन्हा चालवताना बिल्ड फोल्डर रिकामा करा. सीमेक आधीची उत्तरं कॅशमध्ये धरून बसतं, त्यामुळे कधीकधी पॅकेज टाकूनही जुनं ‘नो’ तसंच राहतं.

कॉन्ट्रिब मॉड्यूल्स (वेगळ्या रेपोत ठेवलेले ओपनसीव्हीचे जादा भाग) घेताना मुख्य रेपो आणि कॉन्ट्रिब एकाच टॅगवर, म्हणजे एकाच आवृत्तीवर हवेत. एक ४.८.० आणि दुसरा ताज्या शाखेवर असेल तर कुठल्याशा हेडरवरून असे एरर येतात की चूक आपली आहे हे सुचतच नाही.

मेकला ‘जे आठ’ (एकदम आठ कामं चालव) देण्याचा मोह आवरा. आठ जीबी रॅमच्या डेस्कटॉपवर आठ कंपायलर एकदम सुटले की माऊससुद्धा हलत नाही, आणि शेवटी ‘किल्ड’ एवढा एकच शब्द येतो. तो कोडमधला दोष नाही. मेमरी संपली म्हणून कर्नलने कंपायलरला मारलेलं असतं. पायथन बाइंडिंगची (लायब्ररी पायथनला जोडणारी) फाईल तर कंपाइल होताना एकटीच एक जीबीपेक्षा जास्त मेमरी खाऊ शकते. ‘जे दोन’ देऊन पुन्हा मेक चालवा, जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं.

इन्स्टॉलनंतर प्रोग्राम चालवताना ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाईल उघडता येत नाही’ असं आलं, तर सुडो लावून एलडीकॉन्फिग (सिस्टीमची लायब्ररींची नोंद ताजी करणारी कमांड) एकदा चालवा. सी प्लस प्लसवाल्यांनी पीकेजी-कॉन्फिगची (लायब्ररी कुठे आहे ते कंपायलरला सांगणारी) फाईल तयार करण्याचा पर्याय सीमेकमध्येच ‘ऑन’ करावा. आवृत्ती ४ पासून ती आपोआप बनत नाही.

एवढं करूनही पायथनमध्ये कुडा सापडत नसेल तर सीव्ही२ (पायथनमधलं ओपनसीव्हीचं नाव) कुठल्या फाईलवरून आलं तो पाथ प्रिंट करून बघा. बऱ्याचदा कधीतरी पिपने टाकलेली प्रत आधी उचलली जाते आणि तुमची ताजी प्रत बाजूला पडून राहते. पिपची प्रत काढून टाका. मग गेटबिल्डइन्फर्मेशन प्रिंट करा, सीमेकने छापलेली तीच यादी परत दिसली पाहिजे.

आणि बिल्ड फोल्डर लगेच डिलीट करू नका. पुढे हे सगळं काढायचं झालं, तर मेक अनइन्स्टॉल त्याच फोल्डरमधून चालतं.