दिवसभर थेरपी देऊन आवाज बसतो? मग स्ट्रॉ नीट वापरा

इतरांना बोलायला शिकवायचं आणि संध्याकाळी फोनवर आपलाच आवाज कुणाला ओळखू येत नाही, स्पीच थेरपिस्ट म्हणून माझी पहिली काही वर्षं अशीच गेली. सल्ले ठरलेले, मध चाट, गरम पाणी पी, गप्प बस. गप्प बसून थेरपी कशी द्यायची ते एकानेही सांगितलं नाही. आणि मध स्वरपट्ट्यांना, म्हणजे गळ्यात थरथरून आवाज काढणाऱ्या पट्ट्यांना, लागतच नाही, गिळलेलं सगळं अन्ननलिकेत जातं, त्यामुळे पाणीसुद्धा दिवसभर थोडंथोडं प्या, आवाज बसल्यावर गटागटा पिऊन काही होत नाही.

खोलीतला टीव्ही, पंखा बंद करा. गोंगाटात आपण कधी ओरडायला लागतो ते आपल्यालाच कळत नाही.

आता स्ट्रॉचा व्यायाम. अर्धा ग्लास पाणी, स्ट्रॉचं टोक पाण्यात फार तर दोन सेंटिमीटर, ओठ स्ट्रॉभोवती मिटलेले, आणि सहज बोलतो त्या पट्टीत लांब 'ऊऊ'. बस एवढंच, पण इथेच मी आठवडाभर माती खाल्ली. मला वाटलं जितके बुडबुडे तितका फायदा, म्हणून स्ट्रॉ पार तळाला टेकवून जोर लावायचे, मानेच्या शिरा टरारून फुगायच्या आणि नंतर आवाज आधीपेक्षा खरखरीत. स्ट्रॉमुळे हवेचा थोडा दाब मागे राहतो आणि त्याने स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटण्याचा जोर कमी होतो, बाईच्या आवाजात त्या सेकंदाला साधारण 200 वेळा जवळ येतात म्हणजे विचार करा. स्ट्रॉ जितकी खोल तितका जोर जास्त लागतो, आणि जोर गळ्यातूनच लावला की झालं, व्यायामच उलटा.

दुसरी फसगत म्हणजे नुसती फुंकर. बुडबुडे मस्त येतात पण आवाजच नसतो! गळ्यावर बोट ठेवा, थरथर लागली पाहिजे. मग नाक चिमटीत धरा, आवाज बदलला तर हवा नाकातून पळतेय. गुणगुण ओठांशी जाणवायला हवी, घशात नाही.

दोन पेशंटच्या मधे एक-दोन मिनिटं पुरे. स्ट्रॉ काढल्या काढल्या 'मम्म… मामा… मला माहितीये' असं त्याच हलकेपणाने बोला, हे केलं नाही तर पुढच्या सेशनला परत घसा आवळून सुरुवात.

लहान मुलांबरोबर वाघाची डरकाळी काढू नका, खेळण्यातल्या वाघाला काढू दे. पेशंटचा घोगरा आवाज काढून दाखवायची हौसही नको, रेकॉर्ड करून ऐकवा. जमिनीवर बसून मान वर ताणून बोलायची सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

खाकरावंसं वाटलं की घोट गिळा. आणि आवाज बसल्यावर कुजबुजू नका, बरेच जण कुजबुजताना गळा अजूनच आवळतात, त्यापेक्षा हळू आवाजात बोला.

चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्ट्रॉ ठेवा बाजूला आणि ईएनटीकडून दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. श्वासाला, गिळायला त्रास किंवा थुंकीतून रक्त असेल तर तेवढंही थांबू नका. पेशंटला मी हे रोज सांगायचे आणि स्वतःची दुर्बिणीची तपासणी मात्र तीन महिने टाळली, निघाली नुसती सूज, पण ते तीन महिने रात्री झोप नव्हती.