एमएमए: पहिल्याच राउंडला दम जातो कुठे?

एमएमएचं (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, बऱ्यापैकी जमतंय, पहिली फाइट ठरली आहे, अशांसाठी हे लिहितोय. आयएमएमएएफ या आंतरराष्ट्रीय एमएमए महासंघाच्या अमॅच्युअर (हौशी) स्पर्धांत 3 मिनिटांचे 3 राउंड असतात. ऐकायला किरकोळ वाटतं. नाहीये.

दम पंच मारून जातो त्याहून जास्त आवळून धरण्यात जातो. मला हेच नडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समोरचा टेकडाउनला, म्हणजे आपल्याला खाली पाडायला, वाकतो, मान आयती हातात येते आणि गिलोटिन, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळायची पकड, लागल्यासारखं वाटतं. आपण दातओठ खाऊन आवळत सुटतो. त्याची हनुवटी आत असते, तो निवांत श्वास घेत असतो. श्वास रोखलेला असतो आपला! स्नायू सलग आवळून ठेवला की त्यातलं रक्ताभिसरणच दबतं. हात भरून येतात, कोपरापासून मनगटापर्यंत नुसता दगड. दोन राउंडमधल्या विश्रांतीच्या मिनिटात धाप उतरते, पण हात सुटत नाहीत. दुसऱ्या राउंडला मूठ धड वळत नाही, जॅब गेला की परत हनुवटीशी येत नाही, त्याचा पाय पकडला तरी ग्रिप निसटते.

म्हणून गिलोटिन लागली की पाच-सहा सेकंद पुरा जोर लावा, तोही पाठीचा आणि कमरेचा, श्वास सोडत. तो हात सोडवायला धडपडत नसेल तर मान सोडा, अंडरहूक घ्या (त्याच्या काखेखालून हात घाला), उठा. सोडताना जीवावर येतं, मला अजूनही येतं.

मोठ्यांचंही हेच होतं. 2010 साली शेन कारविनने पहिल्या राउंडमध्ये ब्रॉक लेस्नरला खाली पाडून बेदम ठोकलं, पण फाइट थांबली नाही. तोवरच्या सगळ्या फाइट कारविनने पहिल्याच राउंडला संपवल्या होत्या. दुसऱ्यात तो रिकामा होता. लेस्नरने आर्म ट्रँगल (हाताने गळा आवळायची पकड) लावून टॅप करायला, म्हणजे हार मानायला लावलं.

गुणांचा हिशोबही डोक्यात ठेवा: राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला सहसा 9, फारच मार खाल्ला तर 8. पहिला राउंड 10-8 ने मारून पुढचे दोन 10-9 ने घालवलेत तर 28-28, म्हणजे ड्रॉ. पहिल्या राउंडची मर्दुमकी पुढे शिल्लक राहत नाही.

तोंडाला लावायचा तो ट्रेनिंग मास्क घेऊ नका. त्याने नुसती हवा अडते, उंचावरची विरळ हवा काही मिळत नाही. त्यापेक्षा दर मिनिटाला ताजा पार्टनर बदलत स्पॅरिंग करा, तेही आधी थकून. आणि कॉर्नरमधून नुसतं 'मार, मार' ओरडणारा कोच मला तरी फुकटात नको. मधल्या मिनिटात आधी श्वास लावायला लावून मग एकच गोष्ट सांगणारा माणूस शोधा.

पहिल्या फाइटला छाती धडधडणार, पाय जड वाटणार. घाबरू नका, सगळ्यांचं होतं. वॉर्मअपमध्येच एकदा चांगला घाम आणि धाप येऊ द्या, म्हणजे केजमध्ये पहिलं मिनिट कमी अंगावर येतं.